ओढणी कुठे लिहिली आहे?

सातारा

चि. सानिका,


सीनियरनी भर बाररूममध्ये तुला सुनावलं, "ओढणी कुठाय? हे कोर्ट आहे, कॉलेज नव्हे." तू तेव्हा गप्प बसलीस ते एका परीनं बरंच झालं. आता बार कौन्सिलचे नियम काढून वाच. साडी, लांब स्कर्ट, सलवार-कुर्ता असे पर्याय आहेत आणि दुपट्टा असो वा नसो, दोन्ही चालतं. पुरुषांना तर धोतरसुद्धा चालतं! तेव्हा कपड्यांवरून कुणी टोकलं की शांतपणे विचारायची सवय लाव, "लिहिलंय कुठे?" लिहिलेलं असेल तर पाळायचं. गळ्यातला पांढरा बँड विसरलीस तर निमूट बोलणी खा. बाकीची असते ती रीत. तुझ्याबरोबरच्या मुलाला बँडवरून बोलतात. तुला मात्र पुरेशी बाई दिसत नाहीस म्हणून.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्सची प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण फर्ममधली भागीदारी अडली. कामात ती तरबेज. सल्ला काय मिळाला, तर जरा बायकी चाल, बायकी कपडे घाल, मेकअप कर, दागिने घाल. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असल्या अपेक्षांवरून माणूस तोलणं हाही लिंगभेदच मानला. पुढे कोर्टाच्या हुकुमानं तिला भागीदारी मिळाली.

आता तुझ्या मित्राचं. कागदोपत्री तो अजून मुलगी आहे आणि येतो शर्ट-पँट-कोटात. नियमात याद्या दोनच, पुरुषांची आणि बायकांची. त्याच्यापुढे "लिहिलंय कुठे?" हा प्रश्न तोकडा पडतो, कारण लिहिणाऱ्यांनी त्याचा विचारच केलेला नाही. त्याला आधार आहे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांवरच्या, १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाचा. आपली लिंगओळख पेहरावातून व्यक्त करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं आहे. निकाल दोघांनी मिळून वाचा. पण त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीनं भांडायला जाऊ नकोस. कुणाला किती सांगायचं ते त्यानं ठरवायचं. तोवर रोज त्याच्या शेजारची खुर्ची धर, म्हणजे कुजबुजणाऱ्यांना जरा चाप बसेल.

तो हो म्हणाला, तर बार असोसिएशनकडे दोघांच्या सहीनं अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचं काय होतं, ते तुला आता मी सांगायला नको.

तुझी,
मावशी