दादीचा दिवा

गेवराई तालुक्यातील चकलांबा या गावी एक आजी राहत होत्या. घरातील सारे त्यांना दादी म्हणत. मगरिबच्या नमाजाआधी वुजू करण्यासाठी त्या अंगणात जात. एकदा अंधारात त्यांना पायरी दिसली नाही. दादी पडल्या आणि त्यांचा हात मोडला.

दादींची नात आठवीत शिकत होती. तिने मनाशी ठरवले, ‘दादी दारात आल्या, की आपोआप लागणारा दिवा मी तयार करीन.’

विज्ञानाच्या सरांनी तिला एक संवेदक दिला. शरीरातून बाहेर पडणारी उष्णता तो ओळखत असे. हिवाळ्यात दिवा छान लागला. पण मे महिना आला आणि दिवा लागेनासा झाला. दादी समोरून गेल्या, तरी अंधारच!

सर म्हणाले, “आपले शरीर साधारण ३७ अंश तापमानाचे असते. उन्हाळ्यात संध्याकाळी ओसरीची भिंतही जवळजवळ तितकीच तापलेली असते. मग माणूस कोणता आणि भिंत कोणती, हे संवेदकाला कसे कळणार?”

नंतर सरांनी तिला बोटाएवढी एक पट्टी दिली. तिचे नाव आरसीडब्ल्यूएल ०५१६. सर सांगू लागले, “या पट्टीतून सूक्ष्मलहरी बाहेर पडतात. एका सेकंदात सुमारे ३१८ कोटी! त्या वस्तूंवर आपटून परत येतात. वस्तू स्थिर असेल, तर एका सेकंदात तेवढ्याच लहरी परत येतात. माणूस सेकंदाला १ मीटर वेगाने पट्टीकडे चालत आला, तर त्या सुमारे २१ ने वाढतात. तो दूर जाऊ लागला, तर तितक्याच कमी होतात. हा एवढासा फरक पट्टी ओळखते. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो ना? त्याचेही कारण हेच. डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हा नियम मांडला.”

नातीने पट्टीला ५ व्होल्टची वीज दिली. हालचाल होताच पट्टी दोन-तीन सेकंद ३.३ व्होल्टचा इशारा देते. एवढ्या इशाऱ्यावर दिवा लागत नाही, म्हणून तिने मध्ये एक ट्रान्झिस्टर जोडला. घरातील २३० व्होल्टच्या तारांना मात्र तिने हात लावला नाही.

आता नवीच अडचण आली. अंगणात कोणी नसतानाही दिवा लागू लागला. चाचा हसून म्हणाले, “तुझ्या दिव्याला भुते दिसतात वाटते!” नातीने शोध घेतला. भिंतीच्या पलीकडे खोलीत पंखा फिरत होता. सूक्ष्मलहरी विटांच्या भिंतीतूनही जातात. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली होती. परंतु धातूतून या लहरी जात नाहीत. तिने तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पट्टीच्या मागे, थोड्या अंतरावर लावला. दिव्याचे आपोआप लागणे थांबले.

दुसऱ्या दिवशी दादी ओसरीत आल्या. दिवा लागला. त्या खाटेवर शांत बसल्या, तर दिवा विझला. हात हलवला, तर पुन्हा लागला.

दादींनी विचारले, “बेटी, मी पुन्हा पडले आणि मला हलताच आले नाही, तर?”

नात गप्प झाली. तिचे यंत्र माणसाला ओळखत नव्हते. ते फक्त हालचाल ओळखत होते.

त्या रात्री तिने दिव्याच्या तारेला आणखी एक तार जोडली आणि घरात एक बझर बसवला. आता दिवा लागला, की आत बझर वाजतो. बझर वाजला, की घरातील कोणीतरी उठून अंगणात जाते.

शब्दार्थ
संवेदक – बदल ओळखून इशारा देणारे साधन
ओसरी – घरापुढील छप्पर असलेली जागा
स्थिर – न हलणारे
पत्रा – धातूचे पातळ पान

स्वाध्याय
१. पहिला संवेदक मे महिन्यात का चालेना?
२. अंगणात कोणी नसताना दिवा का लागत होता?
३. दादींचा प्रश्न ऐकून नात गप्प का झाली?
४. ‘आपोआप’ आणि ‘जवळजवळ’ हे शब्द वापरून वाक्ये लिहा.