पेटीतली तार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारेवर लेख लिहावा, हे आमच्या प्राध्यापकांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण हा विषय मी निवडलेला नाही. येडशीच्या एका वरातीत तो माझ्या गळ्यात पडला.

माझा मामेभाऊ बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. या बेंजोला गिटारसारखाच पिकअप असतो, आणि आवाजाला धार यावी म्हणून मधे पायाने दाबायची एक पेटी, म्हणजे इफेक्ट पेडल, जोडतात. विकतचे पेडल महाग, म्हणून आकृती पाहून मी ते घरीच बनवले. घरी झकास वाजले. वरात वेशीत आली, त्याने पेडल दाबले आणि आवाजच गेला! सुपारीतले पैसे कापले गेले ते त्याचे. चूक मात्र माझी होती.

पेटी उघडली, तर बॅटरी ठीक, ट्रान्झिस्टर ठीक. जॅककडे जाणारी तार सोल्डरच्या डागापाशी तुटली होती. ती मी संगणकाच्या लॅन केबलच्या तुकड्यातून काढली होती. अशी तार एकसंध असते. सर्किटच्या पाटीवर, जिथे काहीच हलत नाही, तिथे ती उत्तम. वाकवावी तशी राहते. पण जॅक आणि स्विच यांना सारखे हिसके बसतात, आणि एकसंध तार डागाजवळच मोडते. त्यातून माझी केबल स्वस्तातली. पात्याने खरवडली तर आत पांढरी! म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. असली तार घेऊच नये.

हलत्या जागी दुकानात ‘सात-छत्तीस’ म्हणून मिळते ती तार घ्यावी. छत्तीस नंबरच्या बारीक सात तारा एकत्र पिळलेल्या असतात. सगळ्यांची मिळून जाडी लॅनच्या अर्ध्या मिलिमीटरच्या तारेइतकीच भरते, पण ती लवते.

‘चांदीचा मुलामा असलेली तार घाला, आवाज गोड येतो,’ असा सल्ला मला अनेकांनी दिला. हा गैरसमज कुठून येतो ते समजण्यासारखे आहे. आमच्या येडशीवरून जाणारा लोहमार्ग मिरजेला पोहोचतो, आणि तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यात पोलादी तार वेगळी बोलते, खर्जाची पितळी वेगळी. कारण तिथे तार स्वतः गाते. पेटीतली तार गात नाही, ती फक्त निरोप पोहोचवते. पंधरा सेंटिमीटर सात-छत्तीस तारेचा रोध सुमारे ०.०१३ ओहम, आणि पेडलच्या तोंडाशी रोध पुष्कळदा दहा लाख ओहमच्या घरात! या हिशोबात चांदीला जागा कुठे आहे?

मात्र एका तारेत काटकसर करू नये. पिकअपकडून येणारा संदेश अगदी क्षीण असतो आणि पेडल तो कित्येक पटींनी वाढवते. वाटेत त्याला घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची बाधा झाली, तर तीही तितकीच वाढते आणि ‘घूं’ असा आवाज सुरू होतो. म्हणून जॅकपासून पाटीपर्यंत जाळीचे वेष्टन असलेली शील्ड वायर वापरावी. ती जाळी एकाच टोकाला जमिनीच्या तारेशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडावी. माझी पहिली पेटी प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्याची होती, तेव्हा शील्डचे काम पेटीनेही केले नाही. आता पत्र्याचा डबा आहे आणि तो ग्राउंडला जोडला आहे.

पत्र्यात दुसरी भानगड निघाली. सोल्डरिंगचा चटका लांबला की साध्या पीव्हीसीचे आवरण मागे सरते आणि उघडी तार डब्याला चिकटते. म्हणून चटका झटपट द्यावा. टेफ्लॉनचे आवरण असे सरत नाही, पण त्या तारेची किंमत ऐकून मी झटपट चटका द्यायला शिकलो.

दुसऱ्या पेटीत तारा थोड्या सैल ठेवल्या आहेत, झाकण उघडताना ताणू नयेत म्हणून. मामेभावाने ती तीन लग्नांत वाजवली. पहिल्या लग्नात कापलेले पैसे मात्र मी अजून हप्त्याने फेडतो आहे.