अंजिराचे गुटी कलम : वरसे येथील अनुभव

चरकसंहितेतील फलवर्गात ‘फल्गु’ हे तर्पण, बृंहण, गुरु व शीत फळ म्हणून वर्णिले आहे. काही विद्वान फल्गु म्हणजे अंजीर मानतात, तर काही काकोदुंबरिका, म्हणजेच काळा उंबर. द्रव्याच्या ओळखीचा हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. रोह्यालगत वरसे येथील आमच्या वनौषधी बागेत अंजीर म्हणून आणलेले रोप फळावर आल्यावर काळा उंबर निघाले. समोरासमोरची खरखरीत पाने आधीच पाहिली असती, तर आम्ही फसलो नसतो. अंजिराची पाने एकाआड एक व बहुधा हाताच्या पंजासारखी विभागलेली असतात.

त्यानंतर आम्ही पुरंदर भागातून खात्रीचे झाड आणले व त्यापासूनच रोपे करण्याचे ठरविले. पुणेरी अंजिराची फळे परागीभवनावाचून धरतात. त्यांतील बी रुजत नाही. म्हणून फांदीपासूनच अभिवृद्धी करावी लागते. छाट कलमही होते. परंतु गुटीत मुळे फुटेपर्यंत फांदीला मातृवृक्षाचे पाणी मिळत राहते.

कृती : साधारण एक वर्षाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडावी. डोळ्याच्या खाली सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल वर्तुळाकार काढून आतील बुळबुळीत थर खरवडावा. पाणी काष्ठातून वर चढते. पानांत तयार झालेले अन्न मात्र सालीतून खाली उतरताना कापाच्या वरच्या कडेशी अडते. तेथेच मुळे फुटतात. स्रवणारा चीक पुसून, भिजवून पिळलेले शेवाळ मूठभर लावावे व प्लास्टिकच्या कागदाने दोन्ही टोके घट्ट बांधावीत. चीक त्वचेला लागून ऊन पडल्यास दाह व फोड होतात. म्हणून हातमोजे वापरावेत.

पहिल्या वर्षी आषाढात बांधलेल्या सहा गुट्यांपैकी चार कुजल्या. वरची गाठ सैल राहून पाणी आत शिरले होते. पुढील वर्षी पावसाचा जोर ओसरल्यावर, वरची गाठ दुहेरी घालून बांधलेल्या सहांपैकी पाच गुट्यांना सहा आठवड्यांत मुळे आली. मुळे तपकिरी दिसू लागताच गुटी खालून कापावी, निम्मी पाने काढावीत व रोप पिशवीत लावून सावलीत ठेवावे. कोकणात तांबेरा रोगाचा उपद्रव होतो. म्हणून निचऱ्याची उंच जागा निवडावी.

गुटीचे रोप मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे घेते. तशीच त्याच्या ओळखीतील चूकही घेते. म्हणून वैद्यबंधूंनी चाकू हाती घेण्यापूर्वी पान व फळ पाहून झाडाची खात्री करावी आणि प्रत्येक रोपावर मातृवृक्षाची नोंद बांधावी, ही विनंती.