नाव घालण्यापूर्वीची गोळी

“डॉक्टरसाहेब, सुनेला तिसरा महिना लागलाय. नाव घालायला आणलीय.” दवाखान्यात हे नेहमी ऐकू येते. आपण वेळेत आलो, असे सासूबाईंना वाटते. परंतु बाळाच्या शरीराची आखणी तोपर्यंत होऊन गेलेली असते.

घर बांधताना गवंडी आधी दोरी लावून फक्की मारतो. ओटा कुठे, स्वयंपाकघर कुठे, हे तेव्हाच ठरते. गर्भाचेही तसेच आहे. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. या उपचारात गर्भ मोजक्या पेशींचा असतानाच गर्भाशयात सोडतात. त्यात डोके कुठे, पाय कुठे, हे सूक्ष्मदर्शकातूनही सांगता येत नाही. पुढची आखणी गर्भ स्वतःच करतो.

पाच-सहा दिवसांत बाहेरच्या पेशी वार बनवण्याच्या कामाला लागतात, आतल्या पेशींतून बाळ घडते. सुमारे 15व्या दिवशी चपट्या गर्भावर एक रेघ उमटते आणि डोक्याची व पायांची बाजू स्पष्ट होते. मग तीन थर तयार होतात. वरच्या थरापासून त्वचा व मेंदू, मधल्यापासून हाडे, स्नायू व हृदय, तर खालच्यापासून आतडी व फुप्फुसांचे अस्तर बनते. पाठीवरचा थर वळून मज्जारज्जूची नळी होते. ती 28व्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांना मिटावी लागते. वर उघडी राहिली तर मेंदू नीट घडत नाही; खाली राहिली तर पाठीवर गाठ येते, पाय लुळे पडू शकतात.

आता हिशेब पाहा. पाळी चुकते तेव्हा गर्भ साधारण 14 दिवसांचा असतो. म्हणजे नळी मिटायला दोनच आठवडे उरतात!

म्हणून फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज घ्यावी. मेथी, पालक, डाळी खाव्यातच. पण तेवढ्याने भागत नाही. आधी असा दोष असलेले मूल झालेल्या मातांना फॉलिक ॲसिड दिल्यावर पुन्हा तसे होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 सालच्या अहवालात दिसले. अशा मातांना मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. मधुमेह असणाऱ्या किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्या भगिनींनी आधीच सल्ला घ्यावा. औषध मनाने बंद करू नये.

आणि हो, ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असा बोल सुनेला लावू नका. घरात पाळणा हलावा असे वाटत असेल, तर नाव घालण्याची वाट न पाहता आधी ही गोळी सुरू करा.