चॅनल गेट आणि रोहिणीतील जाळी

सायंकाळी तिसगावच्या पेठेत दुकाने बंद होऊ लागली, की चॅनल गेटचा खडखडाट सुरू होतो. विद्यार्थिमित्रांनो, असे गेट ओढून लावताना एकदा नीट पाहा. पट्ट्यांचे चौकोन आडवे पसरतात आणि त्याच वेळी ठेंगणे होतात. गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या हृदयाच्या रोहिणीत जाळी, म्हणजे स्टेंट, बसविला. ‘छातीत नेमके काय घातले रे?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना हेच गेट दाखविले.

अरुंद झालेली रोहिणी फुग्याने रुंद करण्याची युक्ती १९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी यशस्वी केली. पण काही रोहिण्या पुन्हा आक्रसत. आतून टेकू हवा होता. गवंडीकामातील धातूच्या जाळीचा एक तुकडा पाहून हुलिओ पाल्माझ यांना त्याची रचना सुचली.

आता अडचण पाहा. सुमारे १ मि.मी. व्यासाची नळी आत न्यायची आणि तिथे ती ३ मि.मी. करायची. परीघ तिप्पट! अखंड नळी फाटेलच. परंतु तिला खाचा पाडल्या, तर धातू फारसा ताणला जात नाही. फक्त कोपऱ्यांत वाकतो. आतील फुग्याचा दाब वातावरणाच्या दहा-बारा पट असतो. त्याने कोपरे स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे वाकतात, म्हणून फुगा काढल्यावरही जाळी उघडीच राहते. किंचित मागे येते, तेवढेच.

समजा, जाळीतील समभुज चौकोनाची बाजू ५ एकक व आडवा अर्धा कर्ण १ एकक आहे. मग उभा अर्धा कर्ण √२४, म्हणजे सुमारे ४.९ एकक. आडवा ३ झाला, की उभा ४ उरतो. व्यास तिप्पट, पण लांबी १८ टक्क्यांनी कमी! १८ मि.मी.ची जाळी १४.७ मि.मी. होईल आणि रोगट भागाचे टोक उघडे पडेल. म्हणून आता नागमोडी कडी करून ती लहान वक्र दुव्यांनी जोडतात. दुवे फार झाले, तर जाळी वळणातून जात नाही. फार कमी केले, तर ती लांबीच्या दिशेने दुबळी होते. खरे कौशल्य इथे आहे.

वडिलांची शंका वेगळीच होती. ‘गेटला तेल द्यावे लागते, याला काय?’ यात सरकता सांधाच नाही. काही महिन्यांत रोहिणीचे अस्तर जाळीवर वाढते. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. त्यासाठीच्या गोळ्या आई मोजून देते.