हाताचा गुण मोजता येईल काय?

‘अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे,’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. हा गुण म्हणजे नेमके काय, तो शिकवता येतो काय आणि मोजता येतो काय, असे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मानसशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मला हा प्रश्न पडला, त्याला एक निमित्त झाले. माझी एक शाळासोबतीण शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिला एका परीक्षकांनी इतकेच सांगितले, ‘हात जड आहे.’ किती जड? टाका घेताना, की गाठ ओढताना? याचे उत्तर मिळाले नाही. सुधारायचे कुठे हेच न कळल्याने ती कितीतरी दिवस खिन्न होती.

आपल्या नेरूळमध्ये डॉ. डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पांढरा कोट हातावर टाकून लगबगीने जाणारे विद्यार्थी आपण रोज पाहतो. उद्या त्यांचे हात आपल्यापैकीच कुणाच्या तरी देहावर चालणार आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ त्यांचा नाही.

हात आधी कुठे घडवावा, याचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सरावाविषयीच आहे. शास्त्र पढलेल्या शिष्याकडूनही प्रत्यक्ष सराव करून घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. छेदनासाठी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. वेधनासाठी मृत जनावरांच्या शिरा व कमळाचे देठ. शिवणासाठी कापड आणि मऊ कातडे. ही निवड मला मोठी मार्मिक वाटते. कोहळ्याची साल आधी विरोध करते आणि मग एकदम वाट देते. त्या क्षणी जो हात थांबत नाही, तो खोल जातो. जोर लावणे सोपे. आवरणे हीच खरी विद्या.

महाराष्ट्रातील एक उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीचे नवे नाक घडविले. नाकाचा मेणाचा नमुना करून, तो कपाळावर पसरून त्याने माप घेतले होते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये ही हकीकत छापली. ती वाचून प्रेरणा घेतलेल्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. कृती कागदावर उतरली, मेणाचे मापही उतरले; परंतु त्या पुणेरी बोटांनी कातडी किती हलकेच उचलली, हे कुठेच नोंदले गेले नाही. हाताचा गुण हातासोबतच गेला.

आधुनिक काळात टोरांटो विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी १९९७ मध्ये एक परीक्षापद्धती मांडली. ठरावीक कामे, ठरावीक वेळ आणि प्रत्येक मुद्द्यास एक ते पाच गुण. त्यातील एक मुद्दा ‘ऊतींचा मान राखणे’ असा आहे. शब्द किती सुंदर! तरीही तीन द्यावे की चार, हे अखेर परीक्षकाची नजरच ठरवते, आणि नजरेला जोर दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याचा परिणाम. म्हणूनच चिमट्याला किंवा सरावाच्या फळीला बल मोजणारे संवेदक जोडण्याकडे संशोधक वळले. सर्वाधिक जोर किती, तो किती वेळ टिकला, किती हेलकावला, झटके किती बसले, याचा आलेखच मग समोर येतो.

येथे आमच्या विषयाचा संबंध येतो. वजनातील फरक आपल्याला जाणवतो तो मूळ वजनाच्या प्रमाणात, हे एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये दाखविले. म्हणजे हत्यार जितके घट्ट आवळावे, तितका बारीक बदल कमी कळणार. १९८४ मध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग या स्वीडिश शास्त्रज्ञांनी दाखविले की वस्तू उचलताना आपली बोटे ती निसटू नये इतकाच जोर, थोडी शिल्लक ठेवून, लावतात. मी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर बोटाने शंभर ग्रॅमचा, म्हणजे सुमारे एक न्यूटनचा, दाब धरून पाहिला. आकडा पाहत असताना तो बऱ्यापैकी स्थिर राहिला. डोळे मिटून थोड्या वेळाने उघडले, तर बोट नकळत उतरले होते. वाचकांनीही हा प्रयोग करून पाहावा. स्वतःच्या हाताविषयीचा भ्रम लगेच दूर होतो.

डोळ्याच्या दृष्टिपटलावरील सूक्ष्म कामाचे मोजमाप अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील तीनचतुर्थांश जोर साडेसात मिलिन्यूटनपेक्षा, म्हणजे पाऊण ग्रॅम वजनाच्या भारापेक्षाही कमी होते, आणि त्यांपैकी जेमतेम पाचवा हिस्साच शल्यचिकित्सकाच्या बोटांना जाणवला. जे जाणवतच नाही ते केवळ अनुभवाने कसे सुधारणार? तेथे यंत्रच शिक्षकाच्या मदतीला येते.

अर्थात, कमी जोर म्हणजे अधिक कौशल्य, असे सरळ समीकरण नाही. सैल गाठ सुटते. भीत धरलेली शीर निसटते. योग्य जागी योग्य तेवढा आणि दर वेळी तेवढाच जोर लागतो. शिवाय कुठे कापू नये, हा विवेक कोणत्याही संवेदकाला कळत नाही. आलेखाने परीक्षकाला हद्दपार करू नये. त्याच्या मताला आधार द्यावा.

भारतात २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला असून कौशल्य-प्रयोगशाळेला त्यात स्थान आहे. सुश्रुतांच्या कोहळ्याचेच ते नवे रूप म्हणावे लागेल. त्या कोहळ्याला काटा जोडला, तर माझ्या मैत्रिणीला ‘हात जड आहे’ याऐवजी ‘तिसरी गाठ ओढताना जोर दुप्पट होतो’ असे ऐकू येईल. पहिल्या वाक्याने माणूस खचतो. दुसऱ्याने तो शिकतो. हाताचा गुण दैवी देणगी मानून आपण त्याला नमस्कार करतो खरे. पण तो मोजू लागलो, तर तो अधिक हातांना देता येईल, आणि रुग्णाच्या देहावर सरावाची पहिली पाळी येणार नाही.