ऑर्गनच्या नळीचे तोंड

'ऑर्गन' म्हटले की तुमच्या आजोबांना संगीत नाटकातला, पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन आठवेल. त्यात धातूच्या पट्ट्या थरथरतात. आपण येथे पाहणार आहोत तो चर्चमधला किंवा मोठ्या सभागृहातला ऑर्गन. त्यात हवेचे स्तंभ कंप पावतात, आणि प्रत्येक सुराला निदान एक स्वतंत्र नळी लागते. अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे १९२९ ते १९३२ या काळात उभारलेल्या ऑर्गनमध्ये तेहतीस हजारांहून अधिक नळ्या आहेत.

आता थोडे गणित करा. दोन्ही टोकांना उघड्या नळीत मूलस्वराची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या दुप्पट असते, हे तुम्ही शिकला आहात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ६५.४ वारंवारतेच्या सुरासाठी नळी २.६० मीटर हवी. पण कारागीर तिला 'आठ फुटी' नळी म्हणतात, आणि आठ फूट म्हणजे २.४४ मीटर! उरलेले सोळा सेंटिमीटर गेले कोठे? प्रस्पंद नळीच्या टोकाशी नव्हे, तर थोडा बाहेर तयार होतो. अनुनाद नळीच्या प्रयोगात व्यासाच्या ०.३ पट दुरुस्ती आपण करतो ती यासाठीच. ऑर्गनच्या नळीचे खालचे तोंड अरुंद असल्याने तेथे ही दुरुस्ती बरीच मोठी होते. ती किती, हे तोंडाच्या आकारावर ठरते आणि तोंड कापतो कारागीर.

चार्ल्स फिस्क (१९२५–१९८३) या अमेरिकन ऑर्गनकाराला ही सूत्रे पाठ होती. दुसऱ्या महायुद्धात तो अगदी तरुण वयात लॉस अलामॉसच्या अणुबाँब प्रकल्पात तंत्रज्ञ होता. पुढे हार्वर्डला त्याने भौतिकीची पदवी घेतली, स्टॅनफर्डला पुढील अभ्यास सुरू केला आणि तो अर्धवट सोडून ऑर्गन बांधणाऱ्यांकडे उमेदवारी पत्करली. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर गावी त्याने स्वतःचा कारखाना काढला. घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा!

नळीची सुरुवात कढईतून होते. कथिल आणि शिसे एकत्र वितळवून तो रस लांबलचक टेबलावर बिनबुडाच्या लाकडी पेटीने ओढत पसरतात. पेटी भरभर ओढली तर पत्रा पातळ, रेंगाळली तर जाड. दोन्ही धातू साधारण निम्मे-निम्मे असले की थंड होताना पत्र्यावर सुंदर ठिपके उमटतात. मग पत्रा रंधून, कापून, गोल दांड्यावर ठोकून वळवायचा आणि सांधा झाळायचा. झाळही कथिल-शिशाचीच! तिच्या व नळीच्या वितळण्यात फरक थोडाच, म्हणून हात क्षणभर रेंगाळला तर नळीलाच भोक पडते. झाळ भलतीकडे चिकटू नये म्हणून कडांना आधी खडू व सरस यांचा लेप देतात. (शिसे विषारी आहे, जेवणापूर्वी हात स्वच्छ धुणे हा या धंद्यातला पहिला नियम.)

खरी परीक्षा पुढेच. नळीच्या पायातून आलेली हवा एका बारीक फटीतून पातळ पडद्यासारखी निघते आणि तोंडाच्या वरच्या ओठावर आदळते. हा पडदा ओठाच्या कधी आत, कधी बाहेर झुलतो व नळीतल्या हवेला झोके देतो. ओठ खाली असेल तर संनाद भरपूर, आवाज तंतुवाद्यासारखा धारदार. ओठ उंच कापला तर संनाद कमी, आवाज बासरीसारखा गोल. तोंडाची रुंदी परिघाच्या पाव व उंची त्या रुंदीच्या पाव, हा फक्त आरंभीचा अंदाज. पुढे कान सांगेल तसे केसभर कापायचे, वारा सोडायचा, ऐकायचे, पुन्हा कापायचे. कापणे सोपे आहे, पण जास्त कापलेला ओठ परत खाली आणता येत नाही. नवा तुकडा झाळा, नाही तर नळी भंगारात टाका. माझ्या मते या धंद्यातले सर्वात कठीण कौशल्य म्हणजे नेमके कोठे थांबायचे, हे ओळखणे.

नळी जागेवर बसली की तापमान आडवे येते. एका अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दिवाणखाना २० अंशांवरून ३० अंशांवर गेला, तर सूर सुमारे पावणेदोन टक्क्यांनी, म्हणजे अर्ध्या स्वरांतराच्या जवळजवळ एक-तृतीयांशाने चढतो. सगळ्याच नळ्या सारख्या चढल्या असत्या तर एक वेळ चालले असते. पण ज्या नळ्यांत जिभेसारखी धातूची पट्टी वाजते, त्या फारशा हलत नाहीत, आणि ऑर्गन स्वतःशीच बेसूर होतो. लहान नळी हातात धरली तरी ती तळहाताच्या उबेने चढते. म्हणून सूर जुळवणारा माणूस नळीला हात लावतो, दूर होतो, आणि ती निवेपर्यंत वाट पाहतो.